प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र: मुलांना प्रश्न विचारायला पण शिकवा ना

स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते. मी तुमच्यापैकी कोणाची विद्यार्थिनी नाही आणि कुठे शिकवतही नाही. नोकरी करते, कोड लिहिते आणि उरलेल्या वेळात ऑनलाइन टेक्निकल ग्रुप्सवर लोकांच्या अडचणी सोडवत बसते. कधी चॅटवर, कधी प्रश्नोत्तरांच्या साइटवर, कधी एखाद्या ओपन सोर्स लायब्ररीच्या (सगळ्यांना खुल्या असलेल्या तयार कोडच्या) इश्यूंमध्ये, म्हणजे तक्रारींच्या यादीत. याचे पैसे मिळत नाहीत, कोणी करायला सांगितलेलंही नाही, आवडतं म्हणून करते. तुमची मुलं सबमिशनच्या आदल्या रात्री जिथे येऊन धडकतात ना, तिथे पलीकडे बसलेल्यांपैकी मी एक.

आता नमुना बघा. मेसेज येतो, "हॅलो सर मी बिगिनर आहे काही चुकलं तर माफ करा माझा कोड चालत नाहीये प्लीज प्लीज हेल्प करा खूप अर्जंट आहे". (पलीकडे मॅडम असू शकते हे कोणाच्या डोक्यात येत नाही, पण ते जाऊ दे.) खाली एक फोटो. स्क्रीनशॉट नाही, मोबाईलने काढलेला मॉनिटरचा फोटो, तिरका, त्यावर ट्यूबलाइटचा पट्टा चमकतोय, आणि खालचा भाग कापला गेलाय. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या एररमध्ये नेमकी सगळ्यात खालची ओळच कामाची असते, आणि नेमकी तीच फोटोत नसते.

मग सुरू होतं आमचं उंटावरून शेळ्या हाकणं. एरर काय आलाय? "लाल लाल खूप काहीतरी येतंय." पायथॉनचं व्हर्जन कुठलं? "लेटेस्ट." लायब्ररी कशी इन्स्टॉल केलीस? "यूट्यूबवर बघून." विंडोज का लिनक्स? उत्तर नाही, जेवायला गेला असेल. मग बऱ्याच वेळाने एकदाचा एरर टेक्स्टमध्ये येतो आणि तो असतो, मॉड्यूलनॉटफाउंडएरर, नो मॉड्यूल नेम्ड नमपाय, म्हणजे नमपाय नावाची लायब्ररी सापडत नाहीये. संपलं. म्हणजे मशीनवर दोन पायथॉन आहेत, पिपने (लायब्ररी इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रॅमने) लायब्ररी टाकली एकात आणि एडिटर चालवतोय दुसरं. नुसतं पिप इन्स्टॉल न करता पायथॉन डॅश एम पिप इन्स्टॉल असं केलं की ज्या पायथॉनने कमांड चालवली त्याच्यातच लायब्ररी जाते, आणि एडिटर कुठलं पायथॉन वापरतोय ते सिस डॉट एक्झिक्युटेबल प्रिंट करून कळतं. ती एक ओळ पहिल्याच मेसेजमध्ये असती तर दोन मिनिटांचं काम होतं, कारण हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा बघितलाय की झोपेतून उठवलं तरी सांगू.

आता तुम्ही म्हणाल पोरं आळशी आहेत, वाचत नाहीत. मीही तसंच समजायचे. पण फोटोचं हे कोडं काही सुटत नव्हतं, कारण स्क्रीनशॉट काढणं तर फोटोपेक्षा सोपं आहे, टेक्स्ट कॉपी करणं त्याहून सोपं, मग सगळेच्या सगळे फोटोच का पाठवतात? मग लक्षात आलं की लॅबमध्ये ते हेच शिकलेत.

लॅबमध्ये काय होतं आठवा. पोरगं हात वर करतं, सर एरर आला. तुम्ही येता, ते खुर्ची मागे सरकवतं, तुम्ही वाकून स्क्रीन बघता, तुम्हाला दोन सेकंदात कळतं, माउस हातात घेता, वर जाऊन कंस बंद करता, रन, चाललं, आणि तुम्ही पुढच्या टेबलाकडे. या सगळ्यात त्या पोराने प्रश्न असा विचारलाच नाही. एरर तुम्ही वाचलात, व्हर्जन तुम्हाला माहीत होतं कारण मशीन तुमच्याच लॅबचं, प्रोग्रॅमने काय करायला पाहिजे हेही माहीत होतं कारण असाइनमेंट तुम्हीच दिलेली. त्याने फक्त जागा करून दिली. सेमिस्टरभर हेच चाललं की त्याच्या लेखी मदत मागणं म्हणजे स्क्रीन दाखवणं. ऑनलाइन खुर्ची मागे घेता येत नाही म्हणून तो फोटो पाठवतो. त्याच्या हिशोबाने तो बरोबरच करतोय.

तुम्हाला दोष देत नाहीये. एवढी मोठी बॅच, लॅबचा वेळ तुटपुंजा, प्रत्येकाला समजावत बसलं तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायच्या आत घंटा होणार, हे कळतं मला. पण त्यातून तयार झालेली सवय शेवटी आमच्या दारात येते, आणि आम्ही तिथून ती मोडू शकत नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला.

प्रश्न नीट विचारण्याला सगळे एटिकेट म्हणतात, नेटिकेट म्हणतात, आणि प्रत्येक ग्रुपच्या वर एक नियमांची यादी चिकटवलेली असते ज्यात नम्र राहा, ओरडू नका, आधी शोधा वगैरे असतं. जुनी परंपरा आहे ही. ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ नावाचा दस्तऐवज निघाला होता, इंटरनेटवर कसं वागावं याचा, त्यात सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं तर ओरडल्यासारखं वाटतं हे तेव्हाच सांगून ठेवलंय. आणि त्यात अजून एक सल्ला आहे जो मला फार आवडतो, की कुठल्याही ग्रुपमध्ये काही लिहायच्या आधी एक ते दोन महिने नुसतं वाचा. दोन महिने! आज रात्री बारापर्यंत सबमिशन असलेल्या पोराला हे सांगून बघा.

तेव्हा ते जमायचं कारण माणसंच कमी होती. १९८० पासून युझनेट होतं, म्हणजे ऑनलाइन चर्चेच्या ग्रुप्सचं जुनं जाळं, मुख्यतः युनिव्हर्सिट्यांमधले लोक, दर सप्टेंबरला नव्या मुलांना अकाउंट मिळायची, ती येऊन गोंधळ घालायची, जुने लोक वैतागायचे, समजावायचे, थोड्या दिवसांत मुलं वळणावर यायची आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत शांतता. १९९३ च्या सुमाराला कंपन्यांनी साध्या ग्राहकांनाही तिथे दार उघडून दिलं आणि मग नवे लोक यायचे थांबलेच नाहीत. जुने लोक अजून त्याला न संपलेला सप्टेंबर म्हणतात. तात्पर्य काय, की वर्षातून एकदा येणारी बॅच असेल तर ग्रुप तिला शिकवू शकतो, पण रोजच बॅच येत असेल तर ग्रुप शिकवू शकत नाही, तो फक्त थकतो. शिकवणं यायच्या आधी झालं पाहिजे, आणि यायच्या आधी मुलं असतात तुमच्याकडे.

आणि खरं सांगू का, नम्रपणा ही अडचण नाहीच. तुमची मुलं अतिशय नम्र आहेत, नमनालाच घडाभर तेल जातं, सॉरी सर, प्लीज सर, डिस्टर्ब केल्याबद्दल माफी सर, आणि एवढं सगळं वाचून झाल्यावर प्रश्न काय ते समजतच नाही. उलट कोणीतरी रोखठोक येतो, ना हॅलो ना थँक्स, पण हे चालवलं, हे अपेक्षित होतं, हा एरर आला, हे व्हर्जन, हे करून बघितलं, असं पाच ओळींत टाकतो, त्याला दहा मिनिटांत उत्तर मिळतं. मीसुद्धा त्यालाच आधी देते. नम्रपणा असावा, बरं वाटतं, पण त्याने कोड चालत नाही. चांगला प्रश्न विचारणं म्हणजे अर्धं डिबगिंग (चूक शोधून काढणं) करून ते लिहून काढणं, आणि डिबगिंग तुमच्या सिलॅबसमध्ये आहे (निदान असायला तरी हवं). म्हणून हे शिस्तीच्या तासाला शिकवायचं प्रकरण नाही, प्रॅक्टिकलला शिकवायचं आहे.

पहिली गोष्ट, एरर वाचायला शिकवा. हे इतकं बेसिक वाटतं की कोणी शिकवतच नाही. पायथॉनचा ट्रेसबॅक, म्हणजे एरर आल्यावर छापली जाणारी ओळींची यादी, वरून वाचायला लागलं तर पहिल्या ओळीतच तो सांगतो की सगळ्यात ताजा कॉल शेवटी आहे, म्हणजे खालून वाच बाबा, शेवटची ओळ म्हणजे काय झालं आणि त्याच्या वरची म्हणजे कुठे झालं. जावामध्ये उलटं, एक्सेप्शन सगळ्यात वर असतं, पण खाली कॉज्ड बाय लिहिलेलं असेल तर मूळ कारण बहुतेक वेळा सगळ्यात शेवटच्या कॉज्ड बायमध्ये सापडतं. सी आणि सी प्लस प्लसमध्ये अजून वेगळं, तिथे एक सेमिकोलन राहिला तरी पानभर एरर येऊ शकतात, त्यातला फक्त पहिला बघायचा, तो सुधारायचा, परत कंपाइल करायचं, बाकीचे बहुतेक आपोआप गळून पडतात. आणि तोही बऱ्याच वेळा बोट दाखवतो पुढच्या ओळीकडे, सेमिकोलन राहिलेला असतो वरच्या ओळीत. पोरं तिथेच डोळे फाडून बघत बसतात की या ओळीत तर सगळं बरोबर आहे, आणि खरंच त्या ओळीत सगळं बरोबर असतं. हे कोणीतरी एकदा फळ्यावर लिहून दाखवलं असतं तर ग्रुपवरचे निम्मे प्रश्न आलेच नसते असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुसरं, टेक्स्ट. फोटोतला कोड मला चालवून बघता येत नाही, मला तो टाइप करावा लागतो, आणि फुकटात मदत करणाऱ्या माणसाने तुमचा कोड टाइप पण करायचा हे जरा जास्तच होतं. पण त्याहून महत्त्वाचं, फोटोतला एरर सर्चमध्ये सापडत नाही, म्हणजे पुढच्या वर्षी हाच एरर ज्याला येईल त्याला हे उत्तर कधीच मिळणार नाही. आणि दृष्टिहीन प्रोग्रामर असतात, चांगले असतात, स्क्रीन रीडरवर काम करतात, त्यांच्यासाठी फोटो म्हणजे कोरा कागद. आता एक गंमत, काही मुलं टेक्स्ट पाठवा म्हटलं की कोड कॉपी न करता मेसेजमध्ये हाताने परत टाइप करतात. मग होतं काय की टाइप करताना मूळ चूक नकळत दुरुस्त होते आणि नवीनच चूक घुसते, आणि आम्ही त्या नव्या चुकीच्या मागे अर्धा तास. "अरे तो व्हेरिएबल लहान अक्षरात आहे", "नाही नाही माझ्या फाइलमध्ये बरोबर आहे". जसं आहे तसं कॉपी-पेस्ट, हे शब्दशः सांगायला लागतं, गृहीत धरून चालत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे कोड छोटा करणं. अख्खा प्रोजेक्ट झिप करून टाकतात, आठशे ओळी, लॉगिन पेज, डेटाबेस, सगळं, आणि अडचण कुठे तर तारखेच्या फॉरमॅटमध्ये. मुलांना सांगा की फाइलची एक कॉपी करा, त्यातला अर्धा भाग उडवा, एरर अजून येतोय का बघा, येत असेल तर उरलेल्यातला अर्धा उडवा, गेला तर उडवलेल्यात काहीतरी होतं, तो परत आणा. नेहमी इतकं सरळ जमत नाही, अर्धा उडवला की दुसरंच काहीतरी मोडतं, तरी असं करत करत दहा-पंधरा ओळी उरतात ज्या कोणीही आपल्या मशीनवर पेस्ट करून तोच एरर बघू शकतो. यातली मेख अशी की बरेच वेळा दहा ओळींपर्यंत पोचायच्या आतच पोराला स्वतःला कळतं काय झालंय आणि प्रश्न विचारायची वेळच येत नाही. आम्ही "छोटं उदाहरण दे" म्हणतो ते नखरे म्हणून नाही. पण ग्रुपवर हे सांगितलं की मुलांना वाटतं आपल्याला कटवतायत. तेच तुम्ही लॅबमध्ये शेजारी बसून एकदा करून दाखवलंत तर जादू वाटेल.

मग येतं मूळ काम न सांगणं, ज्याला एक्स-वाय प्रॉब्लेम म्हणतात. एकाने विचारलं, पायथॉनमध्ये नंबर स्ट्रिंग करून डॉटनंतरची दोनच अक्षरं कशी ठेवायची? साधा प्रश्न, कोणीतरी स्लाइसिंग, म्हणजे स्ट्रिंगचा हवा तेवढा तुकडा कापणं, सांगितलं. थोड्या वेळाने परत, १०० हा पूर्णांक आला तर त्यात डॉटच नाही, काय करू? त्याचंही उत्तर मिळालं. मग, फार छोटा नंबर असेल तर स्ट्रिंगमध्ये मधेच ई येतंय. मग, सगळं केलं पण बेरीज जुळत नाही, कारण अक्षरं कापली म्हणजे राउंडिंग झालंच नाही. शेवटी कोणीतरी विचारलं, बाबा रे तू करतोयस तरी काय? तर म्हणे बिलाची बेरीज, ०.१ आणि ०.२ मिळवले तर ०.३०००००००००००००००४ येतंय म्हणून शेपूट कापत होतो. आता हे काही पायथॉनचं बिघडलेलं नाही, एक तृतीयांश जसा दशांशात पूर्ण लिहिता येत नाही तसा ०.१ बायनरीत पूर्ण बसत नाही, बहुतेक सगळ्या भाषांमध्ये असंच होतं. पैशांचा हिशोब असेल तर डेसिमल टाइप वापरायचा किंवा रक्कम सगळ्यात लहान एककात पूर्णांक म्हणून ठेवायची. हे पहिल्याच मिनिटाला सांगता आलं असतं. पण त्याने विचारलं ते त्याने स्वतःच काढलेल्या तोडग्याबद्दल, अडचणीबद्दल नाही, आणि सगळे त्या तोडग्यालाच ठिगळं लावत बसले. "मला शेवटी काय करायचंय" ही एक ओळ प्रश्नात असलीच पाहिजे, एवढं जरी मुलांच्या हाताला वळण लावलंत तरी खूप.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. नुसतं "हाय" टाकून वाट बघू नये, "कोणी जावावाले आहेत का" असंही नाही, सरळ प्रश्न टाकावा, ज्याला येतंय तो बोलेल. अर्जंट तुम्हाला असतं, समोरचा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला झोपलेला असतो. इनबॉक्समध्ये घुसू नये, ग्रुपवर विचारलेलं चार जण तपासतात, एकाने चुकीचं सांगितलं तर दुसरा अडवतो. चार ठिकाणी एकाच वेळी टाकायचंच असेल तर निदान तसं सांगावं, नाहीतर एकीकडे सुटलेल्या प्रश्नावर तिघे जण दुसरीकडे डोकं फोडत बसतात. कोणी अनोळखी माणसाने दिलेली कमांड काय करते हे न समजता एंटर मारू नये, कारण फाइली उडवणारी कमांड गंमत म्हणून देणारे नालायक असतात प्रत्येक ठिकाणी. आणि पासवर्ड! कोड पेस्ट करताना डेटाबेसचा पासवर्ड, एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली), सगळं खुलं. मग कळलं की घाईघाईने मेसेज डिलीट. त्याने काही होत नाही, बॉट असतात अशा कीज उचलणारे. कोडमधले बदल साठवून ठेवणाऱ्या गिटमध्ये पुढच्या कमिटमधून (नोंदीतून) की काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच बसलेली असते. एकदा बाहेर गेली की ती की रद्दच करायची आणि नवीन बनवायची, दुसरा उपाय नाही. हे तर प्रश्न विचारण्यापलीकडचं आहे, नोकरीत महागात पडतं.

आता जरा नाजूक विषय, थेट तुमच्याशी संबंधित. मुलं उत्तर मिळालं की गायब होतात, गरज सरो वैद्य मरो, ते एक वेळ समजू शकते. पण बरीच मुलं प्रश्नच डिलीट करतात. काही साइट्सवर चांगलं उत्तर आल्यावर प्रश्न डिलीट करता येत नाही, तर तिथे एडिट करून कोडच्या जागी नुसते टिंब टाकून ठेवतात. सुरुवातीला वाटायचं कृतघ्नपणा आहे, पण एका मुलीने स्वतःहून सांगितलं, मॅडम सर्च करून बघतील आणि कॉपी केली म्हणतील. म्हणजे तुमच्या धाकापायी मुलं पुरावा नष्ट करतायत, आणि त्यात उत्तर देणाऱ्याची मेहनतही नष्ट होते, पुढे शोधत येणाऱ्याच्या हाताला टिंब लागतात. मदत घेणं आणि कॉपी करणं यात रेषा कुठे आहे हे मुलांना कोणी स्पष्ट सांगितलेलंच नसतं, म्हणून ती सगळंच लपवतात.

रेषा आखता येते. हार्वर्डच्या सीएस-५० कोर्सच्या नियमांत सरळ लिहिलंय की ऑनलाइन सापडलेल्या थोड्या ओळी वापरल्या तर चालतील, फक्त त्या ओळी म्हणजे दिलेल्या असाइनमेंटचंच उत्तर नसावं आणि कुठून घेतल्या ते लिहावं. आणि २०१४ पासून त्यांच्याकडे एक पश्चात्तापाचं कलम आहे, हातून काही गैर झालं आणि ७२ तासांत स्वतःहून येऊन सांगितलं तर कोर्सपुरती शिक्षा होते, त्या कामाला शून्य मिळू शकतं, पण प्रकरण वरच्या शिस्तीच्या कारवाईपर्यंत नेत नाहीत. तुम्हाला एवढं सगळं करायची गरज नाही. असाइनमेंटच्या शेवटी एक रकाना ठेवा, "मदत कुठून घेतली, कुठला प्रश्न विचारला, काय समजलं". भरला तर मार्क कापायचे नाहीत. बघा डिलीट करायचं प्रमाण किती कमी होतं ते.

एआयचं बोलल्याशिवाय तर पत्र पूर्ण होणार नाही. हल्ली मुलं आधी चॅटबॉटला विचारतात, तिथे अडकली की आमच्याकडे. हरकत काहीच नाही, आम्हीही विचारतो. पण बॉट सहसा कुरकुर करत नाही, बऱ्याच वेळा अर्धवट प्रश्न विचारला तरी उरलेलं स्वतःच गृहीत धरून ठोकून देतो, त्या बिलाच्या बेरजेच्या पोराला शेपूट कापायच्या सतरा रीती त्याने आनंदाने सांगितल्या असत्या. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने डिसेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी बाहेर पडल्यावर लगेचच, त्याने लिहिलेली उत्तरं टाकायला बंदी घातली, कारण दिसायला झक्कास आणि आतून चुकीची उत्तरं इतक्या वेगाने यायला लागली की तपासणारे पुरेनात. आमच्याकडे आता उलट्या बाजूने तेच येतं, दोनशे ओळींचा चकचकीत कोड, कॉमेंट्ससकट, आणि "चालत नाहीये". ही ओळ का लिहिलीस विचारलं की गप्प. निदान हा कोड बॉटने दिलाय एवढं तरी सांगा म्हणावं, म्हणजे कुठे शोधायचं ते आम्हाला कळतं, मुख्य म्हणजे अस्तित्वातच नसलेलं फंक्शन आधी शोधतो.

आमची बाजू काही धुतल्या तांदळासारखी नाही, ते मान्य. "गुगल कर", "आधी मॅन्युअल वाच" असं तोंडावर फेकणारे आमच्यात आहेत. गुगल केलं की पहिल्या नंबरला असाच एक प्रश्न सापडतो ज्याखाली उत्तर म्हणून "गुगल कर" लिहिलेलं असतं, आता काय बोलायचं. एप्रिल २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो कंपनीने स्वतःच जाहीर लिहिलं होतं की आमच्याकडे नव्या लोकांना, बायकांना आणि इतरही अनेकांना परकं वाटतं, उर्मटपणा होतो, हे बदलायला हवं. ते खरंच होतं. पण दिवसभरात तोच फोटो वेगवेगळ्या लोकांकडून बघितला की चांगल्या माणसाचाही पारा चढतो, आणि तो निघतो नेमका त्या दिवशी शेवटी आलेल्या बिचाऱ्यावर, ज्याचा तो आयुष्यातला पहिला प्रश्न असतो. तो परत कधी विचारत नाही. काही जण तर प्रोग्रामिंगच सोडतात, आपल्याला जमणार नाही म्हणून, आणि अडचण फक्त दोन पायथॉनची असते.

तर मागणी काय? सेमिस्टरला एक प्रॅक्टिकल द्या. जोड्या करा, प्रत्येकाला मुद्दाम बिघडवलेला एक प्रोग्रॅम द्या, वेगवेगळा. त्याने कोड दुरुस्त करायचा नाही, फक्त प्रश्न लिहायचा, काय करायचंय, काय चालवलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय करून बघितलं. मग तो कागद जोडीदाराकडे, ज्याने स्क्रीन बघितलेली नाही आणि ज्याला तोंडी काही विचारायचं नाही. त्याला नुसत्या वाचण्यावरून आपल्या मशीनवर तोच एरर आणता आला तर लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क. नाही आणता आला तर काय कमी पडलं ते जोडीदाराने खाली लिहायचं, आणि ते वाचताना पोराला जे कळेल ते आमच्या शंभर नियमांनी कळत नाही. पेपर तपासायचं कामही तुम्हाला कमी.

आणि एरवी लॅबमध्ये, जेव्हा हात वर होईल, तेव्हा एवढं करा की माउसला हात लावायच्या आधी त्यालाच शेवटची ओळ मोठ्याने वाचायला सांगा. वेळ जाईल मान्य आहे, पहिले दोन-तीन आठवडे शेवटच्या रांगेला तुम्ही पोचणारच नाही बहुतेक. पण मग हात कमी वर व्हायला लागतील, कारण वाचता वाचताच निम्म्यांना कळेल.

बिघडवलेल्या प्रोग्रॅमची सोय नसेल तर सांगा. आमच्याकडे खऱ्या प्रश्नांचा साठा आहे, पायथॉन, जावा, सी, एसक्यूएल, काय पाहिजे ते. नावं आणि पासवर्ड काढून देईन, फोटोवरचे हवे असतील तर तेही टाइप करून ठेवलेत.

कळावे, लोभ असावा,

ग्रुपवरची एक "सर"